बँड गाजतोय, पण मॅनेजरचं घर चालतंय का?



या आठवड्याच्या व्हिडिओत बँड मॅनेजमेंटबद्दल बोललो, पण पंधरा मिनिटांत हिशेब नीट मांडता आला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, आकडे आहेत.

विषय निघाला नाशिकच्या कार्यशाळेत. चहाच्या सुट्टीत एक मुलगा भेटायला आला. वय चोवीस-पंचवीस, दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरी, पगार १९,०००. त्याच्या मामेभावाचा रॉक बँड आहे. पाच जण, स्वतःची मराठी-हिंदी गाणी, गावात बऱ्यापैकी नाव. गेली दोन वर्षं बँडचे फोन हाच घेतो, गाडी हाच ठरवतो, राहिलेले पैसे मागायला हाच जातो.

"सर, एक तारखेला राजीनामा देतोय. फुल टाइम बँड मॅनेजर व्हायचंय."

मी विचारलं, "गेल्या वर्षी या कामातून तुला स्वतःला किती सुटले?"

तो हसला. "मला कोण देणार सर? भाऊच आहे ना."

मित्रांनो, मला त्याच्या हौसेबद्दल काही म्हणायचं नाही. हौस नसेल तर रात्री दोन वाजता ड्रमचा सेट टेम्पोत चढवायला कोणी जाणार नाही. पण दोन वर्षं काम करून ज्याला आपला मेहनताना किती हे सांगता येत नाही, त्याचा धंदा अजून सुरूच झालेला नाही. मग आम्ही तिथेच, चहाच्या टेबलावर हिशेब मांडला.

आधी हे ठरवा, की टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचंय

"बँड मॅनेजर" या एका शब्दाखाली आपल्याकडे तीन वेगळी कामं ढकलली जातात. मॅनेजर हा बँडचा माणूस. बँडला मिळालेल्या पैशातून त्याला टक्का मिळतो, साधारण १५ ते २०. बुकिंग एजंट फक्त कार्यक्रम मिळवून देतो आणि त्या कार्यक्रमापुरता टक्का घेतो, बहुतेक ठिकाणी १० च्या आसपास. प्रमोटर मात्र स्वतःच्या खिशातून जागा, साउंड आणि बँडचं मानधन भरतो, तिकिटं विकतो, आणि नफा-तोटा दोन्ही त्याचा.

लहान शहरात तिन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात, ते ठीक आहे. पण एकाच कार्यक्रमात मॅनेजर आणि प्रमोटर दोन्ही होऊ नका. कारण मॅनेजर म्हणून तुम्ही बँडला जास्त मानधन मिळावं म्हणून भांडायला हवं, आणि प्रमोटर म्हणून तेच मानधन कमी करण्यात तुमचा फायदा. व्हायचंच असेल तर बँडला आधी सगळे आकडे दाखवा आणि त्या कार्यक्रमावर मॅनेजरचं कमिशन सोडा. हे न सांगता केलं आणि नंतर कळलं, तर मैत्री तिथेच संपते.

तसा हा धंदा आपल्याला नवा नाही बरं का. गुढीपाडव्याच्या सुमाराला जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, वगाची, कलावंतांची चौकशी करतात, भाव करतात आणि सुपारी ठरवतात. तारीख, रक्कम, इसार, उरलेले पैसे कधी, हे सगळं तिथेच ठरतं. फडाचा व्यवस्थापक जे काम करतो तेच रॉक बँडच्या मॅनेजरचं काम आहे. गिटार हातात आली म्हणून इसार न घेता तारीख द्यायची, असं कुठे लिहिलेलं नाही.

आता १९,००० चा हिशेब

त्या मुलाच्या बँडचे वर्षाला साधारण २० कार्यक्रम होतात. डिसेंबर ते मार्च महिन्याला तीन, म्हणजे १२. उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला एक, म्हणजे ८. हंगाम असाच असतो, कारण कॉलेजची गॅदरिंग आणि मोठे फेस्टिव्हल हिवाळ्यात येतात (आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो १९७१ पासून चालू आहे, तो डिसेंबरात), ३१ डिसेंबर असतो, गोव्याचा सीझन असतो. पावसाळ्यात उघड्या मैदानावरचं सगळं बंद.

सरासरी मानधन त्याने २५,००० सांगितलं. गाडी, डिझेल, साउंड इंजिनिअर, जेवणखाण धरून खर्च ८,०००. उरले १७,०००. त्यावर २० टक्के म्हणजे ३,४००. गुणिले २०, वर्षाचे ६८,०००. महिन्याला ५,६०० आणि थोडे.

तो गप्प बसला. मीही थोडा वेळ काही बोललो नाही.

१९,००० ची नोकरी सोडून तेवढंच घरी न्यायचं, तर असे जवळजवळ साडेतीन बँड लागतील. म्हणजे चार. आणि चार बँडच्या तारखा एकाच हंगामात, एकाच शनिवारी येणार. तुम्ही एक माणूस. म्हणून मी त्याला सांगितलं, राजीनामा आत्ता नको. शोरूमच्या नोकरीत रविवार आणि संध्याकाळ मिळते, ती या कामाला लाव. आधी मानधनाची सरासरी २५ वरून ४० हजारांवर आण. खर्च तोच राहिला तर तुझे ३,४०० चे ६,४०० होतात, कार्यक्रम एकही न वाढवता. नवीन बँड शोधत फिरण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि बँडलाही हेच हवं असतं.

टक्का कशावर?

भांडणं २० टक्क्यांवरून होत नाहीत. भांडणं होतात "कशाच्या २० टक्के" यावरून. समजा कोल्हापूरच्या एका कॉलेजने ६०,००० दिले. टेम्पो ट्रॅव्हलर १४,०००, साउंड इंजिनिअर ५,०००. राहणं-जेवण कॉलेजचं. खर्च वजा जाता ४१,०००.

एकूण रकमेवर टक्का घेतलात तर तुमचे १२,०००, आणि बँडला उरतात २९,०००, म्हणजे प्रत्येकी ५,८००. तुम्ही एकटे ड्रमरच्या दुप्पट घेऊन घरी जाता. त्याने सहा महिने प्रॅक्टिस केली, घाम गाळला, आणि तुम्ही चार फोन केले, असं त्याच्या मनात येणारच. तुम्ही किती फोन केले ते त्याला दिसत नाही. खर्च वजा करून टक्का घेतलात तर तुमचे ८,२०० आणि त्यांचे प्रत्येकी ६,५६०. हे पचतं. काही ठिकाणी सुरुवातीला मॅनेजरला बँडचाच सहावा वाटेकरी धरतात, म्हणजे सगळ्यांना साधारण ६,८३० मिळतात. पहिल्या वर्षी मला ही पद्धत सगळ्यात बरी वाटते. पण पुढे मानधन वाढलं आणि तुमचं काम तिप्पट झालं की ती बदलायची, हे आधीच बोलून ठेवा.

आणि कृपा करून बँडचे पैसे स्वतःच्या गुगल पेवर घेऊ नका. बँडचं वेगळं खातं काढा. भागीदारी फर्म केली तर तिचं पॅन आणि चालू खातं निघतं. नाहीतर होतं काय, की सगळ्या कार्यक्रमांचं मानधन मामेभावाच्या नावावर, त्याच्याच पॅनवर टीडीएस, आणि वर्षाच्या शेवटी पाच जणांचं उत्पन्न एकट्याचं दिसतं. बाकीच्या चौघांना वाटून दिलेल्या पैशांचा कागद कुठेच नसतो. जीएसटीचंही लक्षात ठेवा. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. लोककला आणि शास्त्रीय कलावंतांना दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटीतून सूट आहे, ती रॉक बँडला लागू होत नाही. "कलाकाराला जीएसटी नसतो" असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका, सीएकडे जा.

कॉलेज, पब आणि दहा वाजता येणारा पोलीस

कार्यक्रम मिळवताना पहिली गोष्ट लागते ती मोबाइलवर उघडणारी एक लिंक. तिच्यात दीड मिनिटाचा लाइव्ह व्हिडिओ (स्टुडिओत केलेला नको, लोकांसमोरचा हवा), दोन फोटो, चार ओळींची माहिती आणि तुमचा नंबर. कल्चरल सेक्रेटरी एकोणीस वर्षांचा असतो, त्याच्या व्हॉट्सॲपवर अशा तीस लिंक आलेल्या असतात. त्याला बँडच्या स्थापनेचा इतिहास नको असतो. त्याला बघायचं असतं की समोरची पोरं उड्या मारतायत का.

दुसरी गोष्ट टेक रायडर. म्हणजे स्टेजवर काय काय लागणार त्याची यादी आणि कोण कुठे उभं राहणार त्याचं चित्र. ड्रम किट कुठल्या मापाचं, बेसचा ॲम्प, गिटारचे दोन ॲम्प, किती माइक, किती मॉनिटर. मॉनिटर म्हणजे कलाकारांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, ज्यात त्यांना स्वतःचं ऐकू येतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी साउंडवाला गणपतीच्या मिरवणुकीचा असतो. त्याच्याकडे बेसच्या भिंती असतात आणि मॉनिटर एकही नसतो. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो बेसूर होणारच, आणि लोक म्हणणार बँड फालतू आहे. यादी दहा दिवस आधी पाठवा. नुसती पाठवू नका, साउंडवाल्याचा नंबर घेऊन त्याच्याशी स्वतः बोला. "दादा, हे हे आहे का तुमच्याकडे? नसेल तर आत्ता सांगा, मी भाड्याने आणतो." अर्ध्या अडचणी या एका फोनने सुटतात.

तिसरी गोष्ट इसार. तारीख नक्की झाली की ५० टक्के, उरलेले स्टेजवर चढण्याआधी. "कार्यक्रम झाल्यावर देतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. आमच्याच एका विद्यार्थ्याच्या बँडचे एका कॉलेजने पैसे असेच अडकवले. वर्ष संपलं, कमिटी बदलली, नवीन मुलं म्हणाली "आम्हाला माहीत नाही". प्राचार्यांच्या सहीचं पत्र नव्हतं, फक्त व्हॉट्सॲपवरचे अंगठे होते. त्यामुळे कॉलेजकडून लेटरहेडवर निमंत्रण घ्या, त्यावर रक्कम लिहून घ्या. विद्यार्थी चांगले असतात हो, पण ते दर वर्षी पास होतात.

पबचं गणित वेगळं आहे. पबला बँडमुळे किती टेबलं भरली आणि बिल किती झालं हे बघायचं असतं. म्हणून ते कव्हर गाणी मागतात. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडला इथे पोटासाठी बॉलिवूड नाइट करायची की नाही, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात येतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. करा, पण वेगळ्या नावाने करा. बँडचं नाव स्वतःच्या गाण्यांसाठी राखून ठेवा. एकदा "लग्नात वाजवतात ते" असं नाव पडलं की तिकीट लावून ऐकायला कोणी येत नाही. आणि एकाच पबवर विसंबू नका. मुंबईत लोअर परळच्या मिलमधलं ब्लूफ्रॉग २००७ मध्ये उघडलं, देशभरातल्या बँडना तिथे वाजवायचं असायचं. २०१६ मध्ये ते बंद झालं. जागा कितीही नावाजलेली असो, तिचं भाडं तुमच्या हातात नसतं.

मैदानावर कार्यक्रम असेल तर परवाने आयोजकाने काढायचे असतात, पण काढलेत की नाही ते तुम्ही बघायचं. पोलीस परवानगी, लाउडस्पीकरची परवानगी, जागेचा परवाना, दुसऱ्याची गाणी वाजणार असतील तर संगीताचं लायसन्स. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. मुंबईत धोबीतलावजवळच्या रंगभवनात १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, मुंबईच्या रॉकवाल्यांच्या दोन पिढ्या तिथे उभ्या राहून ओरडल्यात. पण शेजारी कॉलेज आणि हॉस्पिटल, त्यामुळे या नियमांनंतर तिथलं रॉक संपलं. तेव्हा तुमचा बँड शेवटचा असेल आणि आधीच्या तिघांनी उशीर केला असेल, तर १० वाजता तुमच्या तिसऱ्या गाण्यावर लाइट जाणार. वेळापत्रक लिहून घ्या. "१० च्या नियमामुळे कार्यक्रम कापला गेला तरी मानधन पूर्ण" ही ओळ पत्रात टाका.

स्वतः प्रमोटर व्हायचं असेल तर

छोटं करून बघा. २०० जणांचा हॉल, तिकीट ४००. साउंड १५,०००, बँड २०,०००, जाहिरात आणि पोस्टर ५,०००. खर्च ४०,०००, म्हणजे १०० तिकिटं विकली की बरोबरी. तिकीट साइटचं कमिशन धरलं तर आणखी पाच-दहा. १०० तिकिटं म्हणजे अर्धा हॉल, सोपं वाटतं ना? आता इन्स्टाग्रामवर "गोइंग" म्हणणाऱ्यांतले किती जण ४०० रुपये काढतात ते मोजा. बँडमधल्या पाच जणांनी प्रत्येकी दहा तिकिटं स्वतः विकली तर ५० होतात. एवढं ते करायला तयार नसतील तर कार्यक्रम लावू नका. आणि ४०,००० पूर्ण बुडाले तरी घराचा हप्ता जाईल एवढीच रक्कम लावा. कर्ज काढून पहिला कार्यक्रम कोणी करू नका.

या वाटेने मोठं होता येतं, हे खरं आहे. ओन्ली मच लाउडर ही कंपनी २००२ साली बँड सांभाळण्यापासूनच सुरू झाली, आणि २०१० मध्ये तिने पुण्यात एनएच७ वीकेंडर हा महोत्सव भरवला. मधली आठ वर्षं मोजा.

गाणं कोणाचं?

हा भाग सगळे टाळतात. बँडचं प्रत्येक गाणं कोणी लिहिलं आणि चाल कोणी लावली, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहा आणि पाचही जणांच्या सह्या घ्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क काही बाबतींत त्यांना सोडूनही देता येत नाही, कायद्यानेच तो राखलाय. ही रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, तिथे गीतकार-संगीतकारांना सभासद व्हायला लावा आणि गाण्यांची नोंद करा. पहिल्या वर्षी हातात फारसं काही येणार नाही. पण गाणं उद्या एखाद्या वेब सिरीजने मागितलं आणि "चाल माझी होती" म्हणत जुना गिटारिस्ट उभा राहिला, तर हा कागदच कामाला येईल.

न समजलेल्या गोष्टीवर सही केली की काय होतं, त्याचं उदाहरण फार मोठ्या माणसाचं आहे. ब्रायन एपस्टाइन. लिव्हरपूलमध्ये घरच्या धंद्यातलं रेकॉर्डचं दुकान सांभाळायचा. नोव्हेंबर १९६१ मध्ये दुपारच्या वेळी कॅव्हर्न क्लबात बीटल्सना ऐकलं आणि त्यांचा मॅनेजर झाला. आधी कधी बँड सांभाळला नव्हता. स्टेजवर खाणं, सिगारेट, शिवीगाळ बंद केली, सूट घातले, वेळेवर पोचायला शिकवलं. डेक्का कंपनीने नकार दिला तरी टेप घेऊन फिरत राहिला, १९६२ मध्ये ईएमआयच्या पार्लोफोनने घेतलं. दुकानदाराची शिस्त तिथे कामाला आली. पण बाहुल्या, विग, बॅज असल्या मालाचे हक्क द्यायची वेळ आली तेव्हा त्यातला भाव त्याला माहीत नव्हता. ९० टक्के समोरच्या कंपनीला आणि १० टक्के आपल्याला, असा करार झाला. नंतर तो बदलून घेतला, पण तोवर मोठी रक्कम हातातून गेली होती.

त्याच एपस्टाइनची आणखी एक गोष्ट सांगतात. जानेवारी १९६२ च्या पहिल्या करारावर बीटल्सनी सह्या केल्या, त्याने स्वतः केली नाही. पोरांना सोडून जायचं असेल तर अडकू नयेत म्हणून. ऐकायला छान वाटतं. पण त्याच्यामागे घरचं चालतं दुकान होतं. नाशिकच्या मुलामागे पगाराची चिठ्ठी आहे, तीही तो सोडायला निघाला होता.

म्हणून कार्यशाळा संपल्यावर आम्ही दोघांनी बसून एक पानाचा मसुदा केला, साध्या मराठीत. मुदत एक वर्ष. टक्का २०, खर्च वजा जाता. २,००० पेक्षा जास्त खर्च बँडला विचारल्याशिवाय नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला हिशेब व्हॉट्सॲप ग्रुपवर. कोणालाही सोडायचं असेल तर दोन महिन्यांची सूचना. आणि बँडने त्याला सोडलं तरी त्याने आधी ठरवलेल्या कार्यक्रमांचं कमिशन त्याला मिळणार. या शेवटच्या ओळीवर तो अडला.

"सर, भावाला हे कसं दाखवू? म्हणेल, विश्वास नाही का?"

मी म्हटलं, "आधी मामाला दाखव. मामांचं दुकान आहे ना? त्यांना लगेच कळेल."

परवा त्याचा मेसेज आला. चार जणांच्या सह्या झाल्यात, ड्रमर गावाला गेलाय. राजीनाम्याचं पत्र अजून त्याच्या बॅगेतच आहे. शनिवारी त्यांचा कार्यक्रम आहे, इसार आलाय.